बालविकास केंद्रातील ऑटिझम मूल्यमापन सेवा: एका कुटुंबाचा सविस्तर अभिप्राय

आमच्या सहा वर्षांच्या मुलीचे ऑटिझमसाठीचे (सामाजिक संवाद, वागणूक आणि संवेदना यांत लहानपणापासून वेगळेपण असणारी विकासात्मक अवस्था) संपूर्ण मूल्यमापन आम्ही एका बालविकास केंद्रात करून घेतले. तेथे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे आणि संवेदनांच्या अडचणी यांवर काम करणारे) एकाच छताखाली काम करतात आणि निदान सगळ्यांची निरीक्षणे समोर ठेवून एकत्रितपणे ठरवले जाते. नोंदणीपासून अहवाल हाती पडेपर्यंत आणि त्यानंतर सुरू झालेल्या पालक-प्रशिक्षणापर्यंत ही सेवा कशी होती, ते येथे लिहितो आहे. मुलीची ओळख जपायची असल्यामुळे केंद्राचे किंवा तेथील कोणाचेही नाव देत नाही. असे केंद्र निवडताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे नावांवाचूनही सांगता येण्याजोगे आहे. एक मत मात्र सुरुवातीलाच नोंदवतो. निदान किती झटपट मिळाले यावरून अशा सेवेची पारख करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आणि शाळेत काय वेगळे करायचे हे कुटुंबाला कळले की नाही, यावरून ती करावी.

आमची मुलगी लवकर बोलू लागली आणि भरपूर बोलते. लिफ्टमधल्या आणि रेल्वे स्थानकावरच्या सूचना ती शब्दन्‌शब्द, त्याच चढ-उतारांसह म्हणून दाखवते. सार्वजनिक स्वच्छतागृहातला हँड ड्रायर सुरू झाला की कानांवर हात दाबून ती बाहेर पळते. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून रोज सकाळी रडारड होते. शाळेत दिवसभर शहाण्यासारखी वागते आणि घरात पाऊल टाकताच तिचा बांध फुटतो. शाळेकडून कधीही तक्रार आली नाही. उलट ‘वर्गातली सर्वांत शांत मुलगी’ अशीच तिची ख्याती होती आणि त्यामुळे आमचे म्हणणे कोणी मनावर घेत नव्हते. याआधी ज्या दवाखान्यात आम्ही तिला दाखवले होते, तेथे काही मिनिटांच्या भेटीनंतर ‘एवढं छान बोलते, नजरेला नजरही देते, मग हिला कसला ऑटिझम?’ असे सांगून आमची बोळवण करण्यात आली.

हा अनुभव मुलींच्या बाबतीत नवा नाही. ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन करणाऱ्यांपैकी एक असलेले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांत आठ मुलगे आणि तीनच मुली होत्या, आणि पुढची कित्येक दशके ऑटिझमचे चित्र मुख्यतः मुलग्यांना समोर ठेवूनच रंगवले गेले. मुलगे आणि मुली यांचे प्रमाण चारास एक असते, असे सांगण्याची पद्धत पडून गेली होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात ते तीनास एकच्या जवळ निघाले आणि निकषांत बसणाऱ्या बऱ्याच मुली निदानातून सुटतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. इतर मुलींचे पाहून पाहून वागणे जुळवून घेणारी, आतल्या आत ताण साठवणारी मुलगी वरवरच्या तपासणीत हमखास सुटते. त्यामुळे या केंद्राच्या सेवेकडे पाहताना माझा पहिला निकष हाच होता, की बोलणाऱ्या आणि शांत बसणाऱ्या मुलीकडेही तेथे तितक्याच गांभीर्याने पाहिले जाते का. याचे उत्तर नि:संशय होकारार्थी आहे.

नोंदणीनंतर प्रत्यक्ष मूल्यमापनाची तारीख मिळायला काही महिने लागले. प्रतीक्षायादी लांब आहे, हे त्यांनी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले आणि दिलेली तारीख पाळली. या मधल्या काळाचा त्यांनी केलेला उपयोग मला महत्त्वाचा वाटतो. मुलीची श्रवण-चाचणी आधी करून घ्यायला त्यांनी सांगितले, कारण हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल तर ऐकण्यात काही अडचण नाही ना, याची खात्री करणे ही पहिली पायरी असते. घरातल्या रोजच्या प्रसंगांचे छोटे व्हिडिओ त्यांनी मागवले आणि ‘घर आवरू नका, तिला तयार करू नका, जसं आहे तसं दाखवा’ अशी सूचना सोबत दिली. शाळेसाठी वेगळी प्रश्नावली होती. तीत गुण किंवा शिस्त यांविषयी फारसे काही नव्हते, पण मधल्या सुट्टीत मुलगी कोणाबरोबर असते, गटात खेळताना काय करते, वेळापत्रक अचानक बदलले तर काय होते, असे नेमके प्रश्न होते. वर्गशिक्षिकेने ती भरताना प्रथमच लक्षात घेतले की मुलगी सुट्टीत एकाच झाडाभोवती फेऱ्या मारते आणि वर्गातल्या कोणत्याही मुलीचे नाव घेऊन तिला हाक मारत नाही. याशिवाय, निदान होईपर्यंत मदत थांबवून ठेवण्याचे कारण नाही, असे सांगून त्यांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबरचे एक प्राथमिक मार्गदर्शन आधीच ठरवून दिले. सगळी केंद्रे असे करत नाहीत. निदानाचा कागद नाही म्हणून कित्येक कुटुंबांना हात हलवत परत पाठवले जाते, आणि तेही मुलाच्या वाढीच्या ऐन दिवसांत.

मूल्यमापनाची सुरुवात आमच्या सविस्तर मुलाखतीने झाली. या कामासाठी जगभर एडीआय-आर नावाची रचनाबद्ध मुलाखत वापरली जाते. तीत 93 बाबी असतात आणि दीड ते अडीच तास सहज लागतात. आम्हा नवरा-बायकोबरोबर माझ्या आईलाही मुद्दाम बोलावून घेण्यात आले होते, कारण मुलीच्या पहिल्या तीन वर्षांत दिवसाचा मोठा भाग तीच तिच्याबरोबर होती. ऑटिझमच्या खुणा लहानपणापासून असाव्या लागतात, त्यामुळे ‘आता कशी आहे’ याइतकेच ‘तेव्हा कशी होती’ हेही निदानासाठी महत्त्वाचे असते, आणि ते अनेकदा आईवडिलांपेक्षा आजीला जास्त आठवते.

सायकॉलॉजिस्टताईंनी आईला विचारलेला एक प्रश्न मला जसाच्या तसा आठवतो. ‘आजी, दोन-अडीच वर्षांची असताना ही तुम्हाला बोटाने काही दाखवायची का? हवं आहे म्हणून नाही. नुसतं ‘ते बघ’ म्हणून?’ आई बराच वेळ विचार करत राहिली आणि मग म्हणाली, ‘हवं असलं की माझा हात धरून न्यायची. नुसतं ‘बघ’ म्हणून कधी नाही दाखवलं.’ चिमणी, विमान, चंद्र असे काहीही दिसले की लहान मूल बोट दाखवून आपला आनंद दुसऱ्याशी वाटून घेते. हे बोट दाखवणे उशिरा येणे किंवा न येणे ही ऑटिझमची फार लवकर दिसणारी खूण आहे. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट-आर या 20 प्रश्नांच्या चाळणीतही तिला स्थान आहे. आम्ही सगळे ‘ती बोलते’ यातच समाधानी होतो, त्यामुळे या गोष्टीकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. नेमका प्रश्न विचारणे हे कौशल्याचे काम आहे आणि या केंद्रातल्या लोकांना ते उत्तम साधते. उत्तरासाठी आईला घाई केली गेली नाही, तिच्या तोंडी शब्द घातले गेले नाहीत, आणि ‘तिचा बाप लहानपणी असाच होता’ हे तिचे वाक्य हसण्यावारी न नेता व्यवस्थित टिपून घेतले गेले. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्यामुळे कुटुंबाच्या इतिहासाची अशी नोंद आवश्यकच असते.

दुसऱ्या भेटीत मुलीचे प्रत्यक्ष निरीक्षण झाले. त्यासाठी एडॉस-2 ही निरीक्षणपद्धती वापरली गेली. तिचे पाच भाग असतात आणि मुलाचे वय व भाषा पाहून त्यांतला एक निवडतात. साधारण 40 ते 60 मिनिटांत खेळ, गप्पा, चित्रे आणि गोष्टी यांमधून मुलाला सहजपणे संवाद साधण्याची संधी दिली जाते आणि ते ती कशी घेते, हे पाहिले जाते. त्यातले प्रसंग मी मुद्दाम तपशिलाने सांगत नाही, कारण आईवडिलांनी आधी सराव करून घेतला तर निरीक्षणातून काहीच हाती लागणार नाही. आम्हाला काचेपलीकडून पाहण्याची मुभा होती. ताई आपल्या एका सहलीविषयी बोलू लागल्या आणि मध्येच थांबल्या. कोणीही ‘मग काय झालं?’ असे विचारावे, अशी ती जागा होती. मुलीने दोन क्षण वाट पाहिली आणि ‘आमच्या लिफ्टमध्ये आठ माणसांची परवानगी आहे’ असे सांगून ती लिफ्टच्या वजनमर्यादेवर बोलत राहिली. आवाज गोड, वाक्ये व्याकरणशुद्ध, शब्दसंपत्ती वयाच्या पुढची. पण समोरच्या माणसाच्या बोलण्याला जोडून घेणे त्यात नव्हते. घरी हे आम्ही रोज ऐकत होतो. काचेपलीकडून पाहिल्यावर ते प्रथमच स्पष्ट दिसले.

निरीक्षणाच्या खोलीविषयीही चांगले बोलले पाहिजे. दिवे मंद होते, भिंतींवर चित्रांची गर्दी नव्हती, आणि मुलीने बूट-मोजे काढून ठेवले तेव्हा कोणी तिला अडवले नाही. नजरेला नजर देण्याची सक्ती तिच्यावर एकदाही झाली नाही. मध्ये तिने टेबलाखाली जाऊन बसायचे ठरवले, तेव्हा ताईही शेजारी जमिनीवर बसल्या आणि संभाषण तसेच पुढे चालू राहिले. ती नंतर स्वतःहून बाहेर आली.

स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्या तपासण्या वेगळ्या दिवशी झाल्या. थकलेल्या मुलाची कामगिरी खरे चित्र दाखवत नाही, म्हणून तपासण्या वेगवेगळ्या दिवशी ठेवणे योग्यच आहे. यातून आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे दैनंदिन कौशल्यांचे मोजमाप, ज्यासाठी वाइनलँड ही मोजपट्टी वापरली गेली. मुलीचे वाचन वयाच्या पुढे आहे; परंतु कपडे घालणे, केस विंचरू देणे, रस्त्यावर सावध राहणे, मदत मागणे यांत ती वयाच्या बरीच मागे आहे. हुशारी आणि रोजचे जगणे यांतली ही दरी ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये वारंवार आढळते आणि तीच बहुतेक गैरसमजांचे मूळ असते. एवढी पुस्तके वाचणाऱ्या मुलीला बटण का लावता येत नाही, असा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि त्यातून ‘लाडावून ठेवली आहे’ असा शेरा येतो. ही दरी आकड्यांत समोर ठेवल्यावर घरातले वाद एकदम कमी झाले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

निदान सांगण्यासाठी वेगळी भेट ठेवली होती. तीत मुलगी सोबत नव्हती, फोन बंद होते आणि घाई नव्हती. डॉक्टरांनी आधी आम्हालाच विचारले की या सगळ्या तपासण्यांतून तुम्हाला स्वतःला काय जाणवले. आमचे बोलून झाल्यावर त्यांनी ‘होय, हा ऑटिझम आहे’ असे सरळ सांगितले. ‘थोडीशी लक्षणे आहेत’, ‘छटा आहे’, ‘वाढत्या वयाबरोबर जाईल’ अशी संदिग्ध भाषा त्यांनी वापरली नाही. मग 2013 साली आलेल्या डीएसएम-5 चे (मानसिक आणि विकासात्मक निदानांच्या अमेरिकी निकष-ग्रंथाची पाचवी आवृत्ती) निकष एकेक करून आमच्या मुलीच्या उदाहरणांसह समजावून दिले: सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबतींत अडचण असावी लागते, आणि तोच तोपणा, ठरावीक आवडी, बदलाचा त्रास, संवेदनांबाबतची तीव्रता किंवा उदासीनता अशा चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. संवेदनांचा उल्लेख निकषांत या आवृत्तीपासून आला. म्हणजे मोज्याची शिवण आणि हँड ड्रायर या आम्हाला ‘खोडी’ म्हणून सांगितल्या गेलेल्या गोष्टी निदानाचाच भाग आहेत. आधाराची पातळी एक ते तीन अशी सांगतात आणि सामाजिक संवाद आणि तोच तोपणा-संवेदना या दोन्ही क्षेत्रांसाठी ती स्वतंत्रपणे ठरते. आमच्या मुलीसाठी संवादात पहिली आणि दुसऱ्या क्षेत्रात दुसरी पातळी लिहिली गेली. ही पातळी म्हणजे मुलीच्या कुवतीचे प्रमाणपत्र नाही. आज, या परिस्थितीत किती आधार लागतो, त्याची ती नोंद आहे आणि परिस्थिती बदलली की तीही बदलू शकते, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले.

आईने विचारले, ‘आमच्या हातून काही कमी पडलं का?’ डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘नाही, आजी. तुमच्या सांभाळण्यामुळे हे झालेलं नाही आणि वेगळं सांभाळलं असतं तर टळलंही नसतं.’ विसाव्या शतकाच्या मध्यावर आईच्या थंडपणाला दोष देण्याची कल्पना रूढ होती आणि तिने असंख्य आयांचे आयुष्य पोखरले. ती कधीच मोडीत निघाली आहे, हेही त्यांनी सांगितले. लसींचा विषय आम्ही काढला नव्हता, पण नातेवाईक काढतील म्हणून त्यांनी तो स्वतःच घेतला. 1998 साली अवघ्या 12 मुलांवरून लसीचा संबंध सुचवणारा एक लेख ‘द लॅन्सेट’मध्ये आला, 2010 साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला, आणि त्यानंतरच्या लाखो मुलांवरील अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. पाच मिनिटांत दिलेली ही माहिती पुढे घरात कित्येकदा कामी आली.

उपचारांबद्दल त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले की ऑटिझम ‘बरा करणारे’ औषध नाही. तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला 2006 साली आणि अ‍ॅरिपिप्राझोलला 2009 साली मान्यता दिली. ही औषधे संवादाच्या अडचणींवर काम करत नाहीत, त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि आमच्या मुलीला त्यांची गरज नाही. शरीरातले धातू काढून टाकण्याचा दावा करणारी कीलेशन थेरपी, दाबाखालील ऑक्सिजनची थेरपी आणि मूलपेशींची इंजेक्शने यांची नावे घेऊन त्यांनी यांपासून दूर राहण्यास बजावले. निदानाने हादरलेल्या पालकांना गाठून असल्या गोष्टी विकणारे लोक टपलेलेच असतात. निदानाच्या त्याच बैठकीत एखादी सेवा याबाबत सावध करत असेल, तर ती कुटुंबाचे पैसे आणि मुलाचा जीव दोन्ही वाचवते, असे माझे ठाम मत आहे.

लेखी अहवालाबद्दल माझे मत संमिश्र आहे. तो ठरलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा मिळाला आणि त्या काळात शाळेशी बोलायला आमच्याजवळ काहीही कागद नव्हता. गुणांचे तक्ते समजण्यास अवघड आहेत. शतमक म्हणजे काय (त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण आपल्या मुलाच्या मागे आहेत, ते सांगणारा आकडा), हे एका वाक्यात लिहिले असते तरी पुरले असते. शिफारशींचा भाग मात्र मी आजवर पाहिलेल्या अशा सर्व अहवालांपेक्षा सरस आहे. ‘थेरपी सुरू ठेवावी’ असल्या मोघम ओळी त्यात नाहीत. घंटेपासून दूरचे बाक द्यावे. एका वेळी एकच सूचना सांगून ती फळ्यावरही लिहावी. वेळापत्रकातला बदल आदल्या दिवशी सांगावा. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसण्याची मुभा असावी. गटकामात तिला ठरावीक भूमिका द्यावी. बिनशिवणीचे मोजे वापरावेत: अशी प्रत्येक गोष्ट कोणी करायची आणि तिने काय साधेल, यांसह लिहिली आहे. मुलीच्या बलस्थानांना स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिची स्मरणशक्ती, प्रामाणिकपणा, आवडीच्या विषयातली चिकाटी ही केवळ कौतुकासाठी लिहिलेली नाहीत. त्यांचा शिकवताना कसा उपयोग करावा, तेही सांगितले आहे.

शाळेसाठी दोन पानांचे वेगळे पत्र दिले गेले, हे मला फार विचारपूर्वक केलेले वाटले. पूर्ण अहवालात गर्भारपणापासून घरातल्या ताणतणावांपर्यंत सगळे असते. ते शिक्षकखोलीत फिरायचे कारण नाही. शाळेला जेवढे कळणे आवश्यक आहे तेवढेच त्या पत्रात होते आणि मुख्याध्यापिकांनी ते वाचून त्याच आठवड्यात बसण्याची जागा बदलली.

निदानानंतरचे पालक-प्रशिक्षण हा या सेवेचा दुसरा भक्कम भाग आहे. त्यात पालक मुलाबरोबर खेळत असतानाचे चित्रीकरण करतात आणि मग थेरपिस्ट ते पालकांसमवेत थांबवून थांबवून पाहतात. 2010 साली 152 मुलांवर झालेल्या ‘पॅक्ट’ या चाचणीत आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाठपुराव्यात या पद्धतीचा अभ्यास झाला. पाठपुराव्यात ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता काही प्रमाणात कमी झालेली दिसली. त्या चाचणीतली मुले आमच्या मुलीपेक्षा लहान होती, त्यामुळे तेच परिणाम जसेच्या तसे गृहीत धरू नका, असे थेरपिस्टताईंनीच आम्हाला सांगितले. आमच्या चित्रीकरणात माझी बायको मुलीला एकामागून एक प्रश्न विचारताना दिसते: हा कोणता रंग, किती चाके आहेत, हे काय आहे. ताईंनी चित्र थांबवून सांगितले, ‘आता प्रश्न नको. ती जे करते आहे, तेच एका वाक्यात बोला आणि थांबा.’ पुढच्या खेळात बायको म्हणाली, ‘लिफ्ट वर चालली,’ आणि गप्प राहिली. मुलगी खेळण्यातली लिफ्ट हातात धरून थांबली, आईकडे पाहिले आणि म्हणाली, ‘तू पण बस.’ असे निमंत्रण तिने तोपर्यंत कधी दिले नव्हते.

सकाळच्या तयारीसाठी चित्रांचे वेळापत्रक, बदलाची आगाऊ सूचना देण्यासाठी वेळ दिसेल असा टायमर आणि गर्दीच्या ठिकाणी आवाज कमी करणारे हेडफोन या तीन गोष्टी त्यांनी सुचवल्या. तिन्हींचा उपयोग झाला, टायमरचा सर्वांत कमी. मेल्टडाउनच्या, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्या वेळी समजावणे, दटावणे किंवा आमिष दाखवणे निरर्थक आहे. दिवे आणि आवाज कमी करावेत, मोजकेच बोलावे, जवळ राहावे आणि ते ओसरल्यावर त्याविषयी पुन्हा प्रश्न विचारू नयेत, हे शिकल्यामुळे घरातल्या संध्याकाळी बदलल्या. शाळेतून आल्यावर पहिला तास तिला कोणी काहीही विचारत नाही, हा नियम आता सगळ्या घराने स्वीकारला आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव भावंडांविषयीची आहे. आमचा थोरला मुलगा नऊ वर्षांचा आहे. बहिणीमुळे त्याचे कार्यक्रम बदलतात, मित्रांना घरी बोलावता येत नाही आणि तरी समजूतदारपणाची अपेक्षा त्याच्याकडूनच केली जाते. संपूर्ण प्रक्रियेत त्याच्याशी कोणी बोलले नाही. त्याला समजेल असे चार ओळींचे माहितीपत्रकही नव्हते. कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवण्याचा दावा करणाऱ्या सेवेने हे टाळता कामा नये. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठीवर जन्मणाऱ्या पाच भावंडांपैकी सुमारे एकाला ऑटिझम असतो, असे दीर्घ अभ्यासांतून दिसते. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांना ही माहिती मिळायला हवी, तीही आम्हाला स्वतः विचारल्यावर मिळाली.

सर्व भेटी कामाच्या दिवशी, भर दिवसा असतात. एकट्या पालकाला किंवा रजा न मिळणाऱ्याला हे जमणे कठीण आहे. प्रतीक्षागृहातला टीव्ही मोठ्या आवाजात चालू असतो. आवाजाचा त्रास होणारी मुले जेथे रोज येतात, तेथे हे चालणे मला अक्षम्य वाटते, आणि विनंती केल्यावर आवाज कमी होतो पण पुढच्या भेटीत पुन्हा तेच असते. पालकांच्या प्रश्नावल्यांची भाषा इतकी जड आहे की आईला अनेक प्रश्न मला पुन्हा सोप्या शब्दांत सांगावे लागले. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांशी भेट घालून देण्याची कोणतीही सोय नाही. आपली मुलगी मोठी झाल्यावर कशी जगेल, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. त्यावर बोलण्याचा अधिकार सर्वाधिक ज्यांना आहे, ती माणसे या केंद्राच्या कामात कोठेच दिसत नाहीत. पालक-प्रशिक्षणाच्या भेटीही सुरुवातीच्या टप्प्यानंतर फार लांबलांब पडतात.

या उणिवा धरूनही, बोलणाऱ्या पण रोजच्या व्यवहारात अडखळणाऱ्या मुलांसाठी आणि विशेषतः मुलींसाठी मी अशा बहुशाखीय मूल्यमापनाची शिफारस करतो. फार लहान, अद्याप न बोलणाऱ्या मुलाच्या पालकांनी मात्र संपूर्ण मूल्यमापनाच्या तारखेची वाट पाहत बसू नये; स्पीच थेरपी आणि पालक-मार्गदर्शन आधी सुरू करावे आणि मूल्यमापन त्याच्या जोडीने होऊ द्यावे. कोणत्याही केंद्रात नोंदणी करताना मी आता एवढे विचारेन: मुलाला प्रत्यक्ष किती वेळ पाहिले जाईल आणि कोण पाहील, शाळेची माहिती घेतली जाते का, आजी-आजोबांना मुलाखतीला आणता येईल का, निदान समोर बसवून समजावले जाते की नुसता कागद दिला जातो, अहवाल किती दिवसांत मिळतो, शाळेसाठी वेगळे पत्र मिळते का, आणि निदान ऑटिझमचे निघाले नाही तर मुलाच्या अडचणींसाठी पुढे कोणाकडे जायचे, हे सांगितले जाते का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लक्ष न टिकणे, चिंता, भाषेचा विलंब यांपैकी काहीही ऑटिझमशिवाय किंवा ऑटिझमसोबत असू शकते, आणि ‘ऑटिझम नाही’ एवढ्या उत्तरावर त्या मुलाची अडचण संपत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत चिंतेची वेगळी नोंद झाली आहे. पुढच्या इयत्तेत जाण्याआधी तिचे दैनंदिन कौशल्यांचे मोजमाप पुन्हा होईल आणि त्यानुसार शाळेचे पत्र नव्याने लिहून मिळेल.